मसालेभात म्हणजे व्हेज बिर्याणी नव्हे, आणि आंतरीच्या माणसाची खिचडी

मसालेभाताला कोणी व्हेज बिर्याणी म्हटलं ना की माझं डोकंच फिरतं. पुण्याचा मेहुणा मुद्दाम म्हणतो, त्याला माहितीये मी चिडतो म्हणून, पण हल्ली लग्नाच्या बुफेतही मसालेभाताच्या भांड्यापुढे पाटी असते, व्हेज बिर्याणी मराठा स्टाइल, आता याला काय म्हणायचं. त्यापेक्षा आमचे इथले, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले शेजारी बरे, हिंदीवाले आहेत, डबा भरून मसालेभात पाठवला की रिकामा डबा परत देताना म्हणतात, "भाईसाहब, तहरी तो कमाल की थी." तहरी म्हणजे उत्तरेकडचा भाज्या घातलेला मसाल्याचा भात, आणि तसं म्हटलेलं मला चालतं. चालतं काय, ते जवळजवळ बरोबरच आहे, आणि का ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

बिर्याणीत तांदूळ वेगळा उकळतात, भरपूर मिठाच्या पाण्यात, आणि थोडी कणी राहिली की ते पाणी सरळ ओतून देतात. मग खाली मटण वर भात, झाकणाच्या कडेला कणीक लावून तोंड बंद, पुढचं काम वाफेचं. हैदराबादी कच्च्या बिर्याणीत तर खालचं मटण कच्चंच असतं, दह्यामसाल्यात मुरवलेलं, आणि वरचा अर्धवट भात आणि खालचं कच्चं मटण दोन्ही एकाच वेळी तयार व्हायला पाहिजेत, ज्याला जमतं त्याला सलाम, मी त्या वाटेला जात नाही. पुलावात असं काही नसतं. तांदूळ तुपावर परतायचे, मोजून पाणी नाहीतर यखनी (मटण उकळलेलं पाणी) घालायची, आणि जेवढं घातलं तेवढं तांदळाने प्यायलंच पाहिजे, ओतून द्यायला काही उरत नाही. तहरी तशीच होते, आपला मसालेभातही तसाच होतो. म्हणजे घराणं पुलावाचं (ग्वाल्हेरच्या माणसाने घराणं हा शब्द जपून वापरावा हे मान्य आहे, पण इथे शोभतोय). बटाटा-गाजर घातलं म्हणून बिर्याणीची व्हेज होते आणि मटण नाही म्हणून मसालेभाताची बिर्याणी होते, असं नसतं हो.

आता इतिहास. फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील, बिर्याणी तैमूरने आणली, नाहीतर मुमताजमहल छावणीत गेली, सैनिक वाळलेले दिसले आणि तिने भात आणि मटण एकत्र शिजवायला सांगितलं वगैरे. मुमताजची गोष्ट ऐकायला गोड आहे, त्यात ती बिचारी 1631 साली गेली ती आपल्याच मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरला, म्हणून आमच्याकडे ती जरा जास्तच प्रेमाने सांगतात, पण त्या काळातला आधार कोणी विचारला की सगळे गप्प. आणि गंमत अशी की मुघलांच्या मुदपाकखान्याचा खराखुरा, शेर आणि दाम लिहिलेला हिशोब उपलब्ध आहे, आणि तो ज्याने लिहिला तो माणूस आमच्या ग्वाल्हेरपासून एवढ्याशा अंतरावर पुरलेला आहे, त्याच्याकडे मात्र कोणी जात नाही.

अबुल फजल. अकबराचा दरबारी, दोस्त, चरित्रकार, सगळंच. ग्वाल्हेर-झाशी रेल्वेलाइनवर डबऱ्याच्या अलीकडे आंतरी नावाचं स्टेशन लागतं, पॅसेंजर थांबते, तिथे त्याची कबर आहे. 1602 साली तो दख्खनच्या मोहिमेवरून आग्ऱ्याला परत निघाला होता, शहजादा सलीम म्हणजे पुढचा जहांगीर याला भीती की हा बापाचे कान भरणार, म्हणून त्याने ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याला गाठलं, आणि बुंदेल्याने आंतरीजवळ अबुल फजलला गाठून मारलं. शिर अलाहाबादला सलीमकडे गेलं, धड आंतरीत राहिलं. जहांगीरने हे सगळं नंतर स्वतःच्या आठवणीत बिनदिक्कत लिहूनही ठेवलंय, त्याला त्यात काही लपवावंसं वाटलं नाही.

या अबुल फजलच्या खाण्याबद्दल जुन्या चरित्रात जे लिहिलंय ते वाचून मी दोन मिनिटं तसाच बसलो होतो. म्हणे पाणी आणि रस्सा सोडून दिवसाला बावीस शेर खाणं व्हायचं. अकबरी शेर आजच्या किलोपेक्षा लहान, सहाशे ग्रॅमच्या थोडा वर, तरी हे तेरा-चौदा किलो होतात, त्यामुळे लिहिणाऱ्याने थोडा हात सैल सोडला असेल असं धरून चालू. पण पुढचं जास्त खरं वाटतं. जेवताना मुलगा शेजारी बसून लक्ष ठेवायचा, बापाने एखाद्या पदार्थात दुसऱ्यांदा हात घातला की तो पदार्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हायचा, आणि एखादा बेचव निघाला तर अबुल फजल काही बोलायचा नाही, नुसतं ते ताट मुलाकडे सरकवायचा, मुलगा चाखायचा आणि मुदपाकखान्याच्या मुख्याकडे सरकवायचा, तोंडाने कोणीच काही बोलायचं नाही. आणि दख्खनच्या छावणीत? एका मोठ्या तंबूत रोज हजार पदार्थ सरदारांना वाढले जायचे, आणि त्याच्या बाजूला दुसरा तंबू, तिथे दिवसभर खिचडी शिजत असायची, गरीब असो श्रीमंत असो, जो येईल त्याला.

हजार पदार्थांपैकी एकाचीही आठवण लोकांकडे नाही, खिचडी मात्र अजून शिजतेय.

त्याच्या आइन-ए-अकबरीत, म्हणजे 1590 च्या दशकात, खिचडीचं प्रमाण असं आहे: तांदूळ 5 शेर, मूगडाळ 5 शेर, तूप 5 शेर. तूप पाच शेर! तांदळाइतकंच. मीठ शेराचा तिसरा हिस्सा, आणि यात सात थाळे होतात असं पुढे लिहिलंय. माझ्या आत्याला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अरे त्यात खिचडी कुठेय, ते तर तुपात तांदूळ पडलेत." बरोबरच आहे. पण हे शाही होतं, आणि मजा म्हणजे हे बिनमांसाच्या यादीत येतं, कारण अकबर बरेच दिवस मांस खायचा नाही आणि त्या दिवसांसाठी वेगळी यादीच होती. दुसऱ्या यादीत मांस आणि तांदूळ एकत्र. त्यात कबूली आहे, 10 शेर तांदूळ, 7 शेर मांस, साडेतीन शेर तूप, सोललेले हरभरे, 2 शेर कांदा, आलं, दालचिनी, मिरी, जिरं, वेलची, लवंग. म्हणजे पूर्ण पुलाव. आणि तिसरी यादी नुसत्या मांसाच्या पदार्थांची, भाताशिवायची, आणि बिर्याणी शोधत असाल तर त्या नावाशी जुळणारा पदार्थ या तिसऱ्या यादीत सापडतो, बिर्यान, एक आख्खा मेंढा, मीठ, तूप, केशर, लवंग, मिरी, जिरं. तांदळाचा एक दाणा नाही त्यात!

म्हणजे अकबराच्या ताटात मसाल्याचा मांसभात होता, चांगला दणदणीत होता, पण आज आपण ज्याला बिर्याणी म्हणतो ती वेगळी वस्तू म्हणून अजून उभी राहिली नव्हती. दोन पिढ्यांनी, शहाजहानच्या वेळच्या पाककृतींच्या हस्तलिखितात, झेर-बिर्यान असा प्रकार येतो, मांस खाली आणि भात वर, थर लावून. तिथे आपली बिर्याणी दिसायला लागते. आणि औरंगजेबापर्यंत तर वेड लागलं होतं. त्याच्या पत्रांमध्ये एक पत्र आहे मुलाला लिहिलेलं, त्यात म्हातारा लिहितो की तुझ्याकडे हिवाळ्यात खाल्लेली खिचडी आणि बिर्याणी अजून आठवते, इथल्या कबूलीला ती सर नाही, तुझा तो आचारी मागितला होता तर तू दिला नाहीस, निदान त्याच्या हाताखाली तयार झालेला एखादा असेल तर पाठव. सख्ख्या भावाला आमच्या किल्ल्यावर कैदेत टाकणारा आणि मारणारा माणूस (मुरादबक्ष 1661 साली इथेच ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारला गेला), आणि मुलाकडे आचारी मागताना आवाज असा नरम. पोटासमोर बादशाहीही नमते.

पण मग भात आणि मसाला आणि मांस एकत्र करणं मुघलांच्या आधी इथे नव्हतं का, तर होतं की, आणि यात भांडण्यासारखं काही नाही तरी लोक भांडतात. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात भातांची एक रांगच आहे, कसा मुलगा हवा त्याप्रमाणे नवरा-बायकोने काय खावं, दुधातला भात, दह्यातला भात, पंडिता मुलगी हवी असेल तर तिळाचा भात, सगळे वेद जाणणारा मुलगा हवा असेल तर मांसाचा भात, आणि प्रत्येकावर तूप. (मुलगीसुद्धा पंडिता हवी म्हणून मागितलीये हे आपल्या लोकांना कोणी सांगत का नाही?) चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आला, तो ग्वाल्हेरलाही येऊन गेलेला आहे, त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, तूप घालतात आणि सकाळी न्याहारीला खातात. म्हणजे मुघल यायच्या दोनशे वर्षं आधी खिचडी इतकी रुळलेली होती की परक्या माणसाच्या पहिल्यांदा ती नजरेत भरली. इराणी-तुराणी लोकांनी काय आणलं तर यखनीत तांदूळ शिजवायची पद्धत, सुकामेवा, केशराचा हात, दाणा दाणा मोकळा असलाच पाहिजे हा हट्ट. आपल्याकडे तूप-मसाला-डाळ-तांदूळ आधीपासून होतंच. दोन्ही एकाच चुलीवर आलं, एवढंच. एकाला बाप ठरवून दुसऱ्याला हाकलायची गरज नाहीये.

लखनौवाल्यांनी तर पुढे बिर्याणीला नाकच मुरडलं. तिथला उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर लखनौच्या आठवणी लिहिताना साफ सांगतो की बिर्याणी दिल्लीवाल्यांना आवडते, लखनौत पुलावाला मान, कारण बिर्याणीत मसाला जास्त आणि नजाकत कमी. त्यांच्याच नवाबाचं, वाजिदअली शहाचं, राज्य इंग्रजांनी 1856 साली काढून घेतलं, तो कलकत्त्याला गेला आणि तिथे त्याच्या आचाऱ्यांच्या हातून बिर्याणीत बटाटा गेला असं म्हणतात. गरिबीमुळे गेला की नवलाईने गेला यावर बंगाली लोक अजून वाद घालतात, घालू देत.

माझ्या मते या सगळ्यात खरी उलथापालथ केली ती मिरचीने आणि तिचं नाव कोणी घेत नाही. अबुल फजलच्या यादीत मिरची नाही. मिरी आहे, आलं आहे, सुंठ आहे, मिरची नाही, कारण ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतावर पश्चिम किनाऱ्याला येत होती, आत पोचायला वेळ लागला. म्हणजे अकबराची कबूली आज खाल्ली तर आपल्याला ती मिळमिळीत वाटेल, तूप आणि केशर आणि कुठेतरी मिरीचा झटका, बस. आणि हिरव्या मिरच्या, लाल तिखट, बटाटा, टोमॅटो, काजू, यातलं काहीच नसताना मसालेभात कसा लागेल विचार करा. काजूसुद्धा पोर्तुगीजांचाच.

आता आपला मसालेभात. लष्कर हे आमच्या गावाचं नावच छावणीवरून पडलंय, दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याखाली तळ दिला, तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांच्या मागे गोठ म्हणजे मोहल्ले आले, चिटणीस की गोठ वगैरे, आणि दक्षिणेतून माणसं आली ती आपापले मसाले घेऊन. पण नारळ कुठून आणणार? आंबेमोहोर कुठून? तोंडली इथे मिळतात पण ती कुंदरू, आणि आमच्या घरात मराठी बोलतानाही कुंदरूच म्हणतात, आजीसुद्धा म्हणायची "कुंदरू आण रे पावभर". ओल्या खोबऱ्याऐवजी सुकं खोबरं किसून भाजून, आणि गोडा मसाला मात्र पुण्या-मुंबईहून येणाऱ्याच्या पिशवीतून, नाहीतर घरी, दगडफूल मिळवायला दाल बाजारात किराण्याच्या दुकानी दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं आणि दुकानदार "पत्थर फूल बोलो ना" म्हणून आपल्यालाच शिकवतो. लग्नात पंगत असायची तेव्हा साधं वरण-भात झालं की जिलबी-मठ्ठ्याच्या आधी मसालेभात यायचा, वाढपी वाटीने मूद पाडत जायचा आणि मागून दुसरा तुपाची कासंडी घेऊन, आणि तूप नको म्हणणाऱ्याकडे तो असा बघायचा की माणूस निमूट हो म्हणायचा. आता बुफे आहे. आणि ती पाटी.

तहरीशी नातं इथे कळतं. उत्तरेकडच्या घरांत थंडीत तहरी होते, मटार, फ्लॉवर, बटाटा, हळद, खडा मसाला, वर तूप, सोबत दही-लोणचं. रचना तीच. फरक फक्त मसाल्याचा, तहरीत गोड्या मसाल्याचा तो काळसर, तीळ-खोबऱ्याचा वास नसतो, आणि मसालेभातात चिमूटभर गूळ जातो तो तिथे जात नाही. आमच्या आचाऱ्यांपैकी बरेच इथलेच, बुंदेलखंडाकडचे, त्यांनी दोन्ही इतक्या वर्षं केलंय की त्यांच्या मसालेभातात हळद जरा जास्त पडते आणि मटार भरपूर, आणि खरं सांगू का, मला तो ग्वाल्हेरी मसालेभात पुण्याच्यापेक्षा जास्त आवडतो. मेहुण्याने वाचलं तर वाचू दे.

घरी करतो तो असा, रेसिपी म्हणून नाही, नुसतं सांगतो. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचे, ही पायरी टाळली की पुढे सगळं बिघडतं. कुंदरूचे उभे चार तुकडे, तुपात मोहरी-हिंग-तमालपत्र-लवंग, कुंदरू आधी परतून त्याच्या कडा जरा तांबूस व्हायला पाहिजेत, मग तांदूळ, आणि तांदूळ परतताना कान द्यायचा, सुरुवातीला दाणे जड असतात, कालथा फिरतो तेव्हा दबलेला आवाज येतो, मग हळूहळू कोरडे झाले की पातेल्याच्या बुडाला टकटक वाजायला लागतात, तेव्हा थांबायचं. गोडा मसाला आणि धने-जिरे पूड आत्ता, आधी नाही, नाहीतर मसाला करपतो. पाणी आधणाचंच, दुप्पटीच्या किंचित कमी. मीठ, चिमूटभर गूळ. पाणी वरून दिसेनासं झालं आणि भातावर भोकं पडली की आच मंद, आणि झाकणाऐवजी ताट ठेवून त्या ताटात पाणी. वरच्या पाण्याने खालची वाफ धरून राहते आणि भाताचं बूड लागत नाही, आणि भातात पाणी कमी पडलंच तर ताटातलं गरम पाणी हाताशी असतंच. कणकेने तोंड बंद करणारे दमवाले आणि ताटात पाणी ठेवणाऱ्या आपल्या बायका, दोघांना पाहिजे एकच, वाफ बाहेर जाऊ नये.

तांदळाचं मात्र ऐकून घ्या, कारण लोक इथेच माती करतात. मसालेभाताला लांब बासमती घेऊ नका. पुसा 1121 हा 2003 मध्ये आलेला तांदूळ, शिजल्यावर दाणा दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब होतो, बिर्याणीच्या फोटोत तोच असतो, आणि आमच्या डबरा-भितरवारकडेही तो ढिगाने पिकतो. त्यातही भानगड आहेच, 2016 साली बासमतीला जीआय टॅग, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, मिळाला तो हिमालयाच्या पायथ्याच्या सात राज्यांना, मध्य प्रदेश बाहेर, म्हणजे डबऱ्याच्या शेतकऱ्याने तोच वाण लावला तरी कायद्याने त्याचा तांदूळ बासमती नाही. आपल्या सरकारचं म्हणणं आहे की ग्वाल्हेर धरून तेरा जिल्हे त्यात घ्या, मद्रास हायकोर्टापर्यंत गेलं, तिथे हरले, मग 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून पुन्हा ऐकायला सांगितलं. पण जीआय मिळो न मिळो, लांब दाणा मसाला आत घेत नाही, मसाला बाहेर लटकतो आणि भात आपला वेगळा उभा. मसालेभाताला दाणा थोडा मऊ, एकमेकाला किंचित धरून राहणारा हवा.

इथे त्यासाठी कालीमूछ आहे. भाताच्या तुसाचं टोक काळं असतं म्हणून हे नाव, दाणा फार लांब नाही, सुगंध चांगला, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी आंबेमोहोराची जागा त्यालाच दिली, वर्षानुवर्षं. नवा तांदूळ घेऊ नका, चिकट होतो, मागच्या वर्षीचा मागा.